यंत्राला न दिसलेला जावई

इथले अनुभव मी नियमित वाचते. खरं सांगायचं तर वाचताना माझं अर्धं लक्ष चुका काढण्यात असतं. वायरिंग तपासलं होतं का, खिडकीची कडी नीट लावली होती का, शेजाऱ्यांना विचारलं का… आमच्या घरात नारळ फुटतो तो चटणीसाठी, आणि अमावास्या बघून मी आजवर एकही काम पुढे ढकललेलं नाही. त्यामुळे माझ्याकडून या सदरासाठी काही लिहून होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण ही गोष्ट मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिली आहे आणि ती जागची हललेली नाही. माणसांची नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

काळ दोन हजार सालानंतरचा, पहिली चार-पाच वर्षं. मी शहापूरला राहायचे, अजूनही तिथेच राहते. माहेर मुरबाड तालुक्यातलं. धाकटी बहीण सुनंदा टोकावड्याजवळच्या एका वाडीत दिलेली.

डोळखांबच्या पुढे, एका पाड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात एक बोगदा आहे. पाण्याच्या कुठल्याशा योजनेसाठी चाचणी म्हणून खणला, मग योजना बारगळली आणि बोगदा तसाच राहिला. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने तो काही काळासाठी मागून घेतला होता. मी तिथे साइटची व्यवस्था बघायचे — सामान, गॅसचे सिलिंडर, जनरेटरचं डिझेल, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं जेवण. त्याआधी एका शाळेच्या प्रयोगशाळेत होते, म्हणून काच सांभाळायची सवय होती.

तिथे नक्की काय चालायचं ते थोडक्यात सांगते, कारण पुढे लागणार आहे. न्यूट्रिनो नावाचा एक कण असतो. डोंगर असो की अख्खी पृथ्वी, तो आरपार निघून जातो. त्याच्या तीन जाती. गंमत अशी, की निघताना एका जातीचा असलेला कण पोचेपर्यंत दुसऱ्या जातीचा होतो. मग एकच जात ओळखणाऱ्या यंत्राला वाटतं, वाटेत इतके कण हरवले. ते हरवणं मोजायचं. मोठं यंत्र पुढेमागे दुसरीकडे कुठेतरी बसणार होतं. आमच्याकडे फक्त काचेच्या प्लेटांची परीक्षा होती. शिवाय आकाशातून म्युऑन नावाचे दुसरे कण सतत पडत असतात, त्यातले किती डोंगर भेदून आत येतात याची मोजणी. न्यूट्रिनोची चाहूल घ्यायची तर आधी हा गोंगाट किती ते कळायला हवं ना.

हे मला कामत सरांनी समजावलं. तिशी-पस्तिशीचे शास्त्रज्ञ, आठवड्यातले चार दिवस साइटवर. स्वयंपाकाला पाड्यावरच्या चंद्राबाई होत्या. सर जातींचं समजावत होते तेव्हा त्या भाकरी थापत ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे आमच्या बोहाड्यासारकं. सोंग घ्यायला आत जातो तो आमचा तुक्या, नि मुखवटा बांधून भायेर येतो तो रावन. माणूस तोच."

"अगदी बरोबर, चंद्राबाई!" सर खूश झाले. "आणि आमच्या यंत्राला फक्त तुक्या ओळखता येतो. रावण आला की यंत्र सांगतं, कोणीच आलं नाही."

"मंग तुमचं यंत्र आमच्या सासूसारकं झालं. तिला पन फकस्त तिचा तुक्याच दिसतो," चंद्राबाई बोलल्या आणि भाकरी उलटली.

यंत्र म्हणजे काचेच्या मोठ्या सपाट पेट्या, एकावर एक ठेवलेल्या. आत गॅस. कण गेला की आत बारीक ठिणगी पडते. एखादा थर उगाच स्वतःशीही बडबडतो, म्हणून नियम असा होता की तीन थर एकदम बोलले तरच तो कण खरा. तसं झालं की सरांनी जोडलेला छोटा स्पीकर टिक् करायचा. चहा उकळेपर्यंत पाच-सहा टिकटिकी व्हायच्या. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की मला तो ऐकूच यायचा नाही.

आता सुनंदाचं.

तिचा नवरा दत्ता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, दिवाळीनंतर, कुडाच्या भिंतींसाठी कारव्या तोडायला सिद्धगडाच्या रानात गेला तो परत आला नाही. गावाने रान पिंजून काढलं. कोयता सापडला, झाडात रुतवलेला. बाकी काही नाही. पोलिसात नोंद झाली, दोन बाबा-बुवाही झाले. वर्षं गेली.

दत्ताबद्दल एक लपवायचं कारण नाही. त्याचा हात चालायचा. एकदा सुनंदाचं मनगट मोडलं होतं तेव्हा मी तिला शहापूरला आणलं, सहा आठवडे ठेवलं, आणि मग तोच येऊन ओटीवर मान खाली घालून बसला म्हणून परत पाठवलं. घरोघरी होतं, असं सगळे म्हणाले.

तो गेल्यावर सुनंदा धड सवाष्ण नाही आणि धड विधवा नाही, अशी झाली. हळदीकुंकवाला गेली की करंडा तिच्यापुढे येऊन थांबायचा. लावणारीचा हात हवेत, सगळ्या बायका भिंतीकडे बघतायत… मी स्वतः पाहिलंय. शेवटी धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि सासऱ्यांनी विषय काढला. घरात एक माणूस असा लोंबकळत असताना मांडव घालायचा कसा? मुरबाडच्या भटजींनी मार्ग सांगितला — पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला रीतसर अग्नी द्यायचा. बेपत्ता माणसाचं असंच करतात.

तयारी माझ्याकडे आली. घरात कुणाचंही काही असो, यादी मीच करते. पळसाची पानं, दर्भ, नारळ, तूप, तीळ, गोवऱ्या, पांढरं कापड. संक्रांत होऊन गेली होती. नदीच्या काठावर, भर दुपारी, पानांचा तो माणूस जळाला. वाळकी पानं, क्षणात गेलं सगळं. नारळ तेवढा उशिरा फुटला. सुनंदाने बांगड्या उतरवून माझ्या हातात दिल्या. रडली नाही. सासू मात्र रडत राहिली, "माझ्या पोराला पाला केला गो…"

दुसऱ्या दिवशी साइटवर गेले तर कामत सर कॉम्प्युटरसमोर वैतागून बसलेले.

"ताई, दक्षिणेचा डाग आठवतो का तुम्हाला?"

आठवत होता. दर आठवड्याला सर एक गोल चित्र काढायचे — डोंगरातून कुठल्या दिशेने किती कण आले त्याचं. ठिपकेच ठिपके. जिथे वरचा खडक पातळ, तिथे दाट. त्यात दक्षिणेच्या बाजूला, अगदी कडेला, अंगठ्याएवढी एक जागा सुरुवातीपासून कोरी होती. एक काच खराब असावी असं आम्ही धरून चाललो होतो. बाकी दक्षिण म्हणजे आमच्याकडून सिद्धगडाची बाजू, पण तेव्हा मला ते सुचलंही नव्हतं.

"तो सरकलाय," सर म्हणाले.

"काच सरकली असेल."

"काच स्क्रूने आवळलीय. तुम्हीच आवळून घेतलीत."

ते खरं होतं. मग आम्ही व्यवस्थित पद्धतीने गेलो. वरच्या थराची काच खाली घातली, खालची वर. दोष काचेत असेल तर डाग काचेबरोबर जागा बदलेल, सरळ हिशोब. डाग तिथेच राहिला. तारा बदलल्या, गॅस बदलला. पुढच्या आठवड्याच्या चित्रात डाग आणखी वर आला होता — म्हणजे आमच्या दिशेने. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. आणि जवळ येईल तसा मोठा होत होता, जसं लांबून चालत येणारं माणूस मोठं होतं. ही उपमा सरांची. ती तोंडातून गेल्यावर त्यांनी चित्र पालथं ठेवलं.

"खडकातून काय चालत येणार?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणूनच म्हणतो, आपलंच काहीतरी चुकतंय."

चैत्र लागला. पाड्याखालची शेतं भाजून काढलेली, रानात उन्हाचा धूर. बोगद्यात मात्र माठासारखा गारवा. एके दुपारी जेवणं झाल्यावर मी आत सिलिंडरचे काटे बघत होते. आणि मला काहीतरी चुकल्यासारखं झालं. घरातलं घड्याळ बंद पडलं की होतं ना, तसं. टिकटिक थांबली होती.

आधी स्पीकरची वायर पाहिली. ठीक. वीज होती. पंखे चालू होते. पॅनेलवर एकेका थराची स्वतःशी चाललेली बडबड नेहमीसारखीच दिसत होती — म्हणजे यंत्र जिवंत होतं. फक्त तिन्ही थर मिळून काही बोलत नव्हते. आकाशातून एकही कण येत नव्हता. पाऊस पडत असावा आणि आपण उभे आहोत तेवढ्यावरच पडू नये, तसं.

मी सरांना हाक मारायला बाहेर आले. बोगद्याच्या तोंडाशी उजेडात एक माणूस उभा होता. चंद्राबाई कमरेवर हात ठेवून त्याची चौकशी करत होत्या, "कोन हो तुमी? कोनाकडं काम?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "ताय… पानी मिळंल का?"

दत्ता होता. भुवईवरची खूण, पुढचा अर्धा दात. केस पिकलेले, अंग वाळलेलं, पण दत्ता.

मी घाबरले नाही. पहिला विचार आला तो हाच, की तयारी सगळी वाया गेली. त्याला पाणी दिलं, वाढायला सांगितलं. जेवून झाल्यावर त्याने सरळ सगळं सांगितलं. रानात घसरला, डोक्याला लागलं, काही दिवसांचं आठवत नाही. कुणा ट्रकवाल्याने नेलं, मग वापीकडे एका खडीच्या खाणीवर कामाला लागला. तिथून घरी यायचं धाडस झालं नाही. आता वय होत चाललं म्हणून निघाला. शहापूरच्या स्टँडवर उतरल्यावर कुणीतरी मी इथे असते असं सांगितलं.

"आधी घरी का नाही गेलास?"

"कोनत्या तोंडानं जाऊ? म्हटलं ताय काय बोलते बघू. मंग जाईन."

मी सांगून टाकलं. "दत्ता, तुझं सगळं उरकलंय. संक्रांतीनंतर. मीच सामान आणलं होतं."

त्याने रिकामं ताट बाजूला सारलं. मग बोलला, "नारळ चांगला होता ना?" आणि हसला. दत्ता मी पंधरा वर्षं पाहिलेला. त्याला माझ्यासमोर हसताना कधी पाहिलं नव्हतं.

तो बाहेरच्या शेडमध्ये जाऊन टेकला, आणि आत टिकटिक सुरू झाली. मी वेळ जुळल्याकडे लक्ष दिलं नाही. खरंच दिलं नाही.

टोकावड्याला निरोप गेला. सासरे आणि दीर आले, रडले, त्याला चाचपून बघितलं. पण घरी नेलं नाही. ज्याला अग्नी दिला तो उंबरा ओलांडून तसाच कसा येणार? भटजींना पुन्हा विचारलं, त्यांच्याकडे याचंही उत्तर होतं. माणसाने पुन्हा जन्म घ्यायचा. तुपाने माखून अंघोळ, बाळासारखं कापडात गुंडाळणं, बारसं, नवीन नाव. आणि मग त्याच बायकोशी नव्याने लग्न. तोवर बाहेर. म्हणून दत्ता आमच्या शेडमध्येच राहिला. लाकडं फोडायचा, पाणी भरायचा.

हे सगळं सुनंदाच्या हो म्हणण्यावर अडलं होतं. तिने उत्तर दिलं नव्हतं. सासरे मला म्हणाले, "तुमी समजवा. तुमी त्येला पयल्या बघितलाव. त्योच हाय ना? एवडं तिला सांगा, बास."

तिला मी साइटवर बोलावून घेतलं. आली ती दुपारची. दोघं एकमेकांसमोर बसली, चंद्राबाईंनी चहा दिला. तो म्हणाला, "बरी हायेस?" ती म्हणाली, "हाय." मग ऊन सहन होईना म्हणून सगळे नेहमीसारखे बोगद्यात जाऊन बसलो. पहिल्या दिवसानंतर दत्ता आत आला तो तेव्हाच.

टिकटिक थांबली.

सर कॉम्प्युटरवर होते. मान वर करून त्यांनी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, मागे थांबलं तेव्हा आत कोण होतं?"

"मी. आणि तोंडाशी हा."

सरांनी दत्ताला जरा बाहेर जाऊन बसायला सांगितलं. तो गेला. टिक्. थोड्या वेळाने टिक्, टिक्. परत बोलावलं. गप्प. मग आम्ही नीटपणे करून बघितलं — मी बाहेर जाऊन आत आले, चंद्राबाई, सुनंदा, सर स्वतः. कुणामुळेच काही फरक पडला नाही. दत्ता बोगद्यात पाऊल टाकायचा आणि आभाळ बंद व्हायचं. त्याच्या खिशात काही आहे का पाहिलं. बिड्या आणि काडेपेटी. ती बाहेर ठेवून आला, तरी तेच.

"माणसाच्या अंगाने म्युऑन अडत नाही," सर हलक्या आवाजात मला म्हणाले. "हत्ती उभा केला तरी नाही. वर एवढा डोंगर आहे, त्याने अडले नाहीत ते याने काय अडणार?"

"मग जातात कुठे?"

"समजा… याच्या आसपास आले की ते दुसरं काहीतरी होतात. आपल्या काचेला न दिसणारं." ते थांबले. "न्यूट्रिनोसाठी मी हे वाक्य डोळे मिटून लिहीन. म्युऑन असं करत नाहीत. आणि माणसामुळे तर काहीच करत नाहीत."

चंद्राबाई बोलल्या, "म्हंजे ह्यो काय तुक्या नाय."

 दत्ता भिंतीला टेकून आम्हा सगळ्यांकडे बघत होता, चुकून दुसऱ्याच्या लग्नाच्या पंगतीत बसलेल्या माणसासारखा. "मी जाऊ का भायेर?" त्याने विचारलं. सुनंदा म्हणाली, "बसा. ऊन हाय." पहिल्यांदाच तिने त्याला काही सांगितलं.

मला मात्र तेवढ्यावर सोडवेना. म्युऑनचं सरांनी बघावं. माझं काम कागदांचं. रेशनकार्डावरून दत्ताचं नाव कमी झालं होतं, ते चढवायचं तर इतकी वर्षं तो कुठे होता याचं काहीतरी लेखी हवं. खाणीचं नाव त्यानेच सांगितलेलं. यजमानांचे एक ओळखीचे वापीला होते, त्यांच्याकडून मी खाणीच्या ऑफिसचा नंबर मिळवला आणि साइटच्या फोनवरून लावला.

एका माणसाने उचलला, हिंदीतून बोलत होता. मी विचारलं, मुरबाडचा दत्ताराम तुमच्याकडे कामाला होता, त्याचं एक पत्र हवं आहे.

"दत्ताराम? था नहीं, है. सामने ही बैठा है. दूँ क्या?"

ऑफिसच्या खिडकीतून मला शेड दिसत होती. दत्ता कुऱ्हाडीने लाकूड फोडत होता.

रिसीव्हरमध्ये खुडबूड झाली. मग आवाज आला, "हां, कोन?"

तो आवाज मी पंधरा वर्षं ऐकलेला. मी म्हटलं, "दत्ता, मी सुनंदाची ताई."  त्याने त्याची नेहमीची घाण शिवी दिली, सुनंदाच्या नावाने दुसरी, "मला घर नाय, कोन नाय. परत फोन केलास तर बघ," आणि फोन आपटला.

बाहेर लाकडाचे दोन तुकडे झाले. दत्ताने ते उचलून रचले आणि वर बघून मला हात केला — जेवायची वेळ झाली का, म्हणून.

मी रिसीव्हर ठेवला आणि खाणीचा नंबर वहीत नीट उतरवून घेतला. 

लगेच मनात काय काय आलं ते तुमच्याही आलं असेल. तोतया. मी तेही तपासलं. त्याला लहान-सहान गोष्टी विचारल्या. माझ्या मोठ्या मुलाला लाडाने काय म्हणायचे, सुनंदाच्या लग्नात मांडव कुठल्या बाजूने पेटला होता, तिचं मोडलेलं मनगट कुठलं. सगळी उत्तरं बरोबर. मनगटाचं सांगताना त्याचा चेहरा बदलला, आणि तो उठून गेला. खाणीचा नंबर मी दोन दिवसांनी पुन्हा लावला. तेव्हा, दत्ताराम हिशोब घेऊन निघून गेला, कुठे ते ठाऊक नाही, असं कळलं. त्यानंतर त्याचा काही पत्ता लागला नाही. आजवर नाही.

सुनंदापासून काही लपवण्याचा प्रश्नच नव्हता. टोकावड्याला गेले, तिला घराच्या मागे परसात नेलं आणि सगळं क्रमाने सांगितलं. डागाचं, टिकटिकीचं, फोनचं. ती चिंचा फोडत होती. मधे मधे "हूं" म्हणायची.

"आता तूच ठरव," मी म्हटलं. "सासरे विचारतात तोच आहे का. मी काय सांगू? आपण सगळे ओळखतो असा एक माणूस तिकडे जिवंत आहे. आणि इकडे कोण आहे ते मला माहीत नाही. भूत म्हणावं तर तो भाकरी खातो. तुझ्या जागी मी असते तर नाही म्हटलं असतं."

"फोनवरच्यानं शिवी दिलीन?"

"दिली."

"माझ्या नावानं पन?"

"हो."

"मंग त्योच त्यो," ती म्हणाली. चिंचोका बाजूला टाकला. "त्यो तिकडंच बरा."

"सुने, मी काय सांगतेय कळतंय का तुला? ह्याला यंत्र…"

"ताय, तुमचं यंत्र त्येंला बघत नाय, त्याला मी काय करू?" तिने माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी बोगद्यात मी बाजूला बसले, तवा त्येंनी हात वर केला, टोपी नीट करायला. मी आकसले. सवयच ती. तर त्येंनी हात तसाच धरून ठेवला, खाली घेतला नाय, का मी परत आकसंल म्हनून. लय वेळ. तवाच मना कळलं का ह्ये ते नाय." मग चिंचांकडे बघत तिने शांतपणे सांगितलं, "ह्ये त्येच असते ना, तर मी सासऱ्यांना पयल्याच दिवशी नाय बोलले असते. मना काय कुनी इचारलंच नाय. सगळी इचारतात, त्योच हाय का, त्योच हाय का."

मी घरी येऊन बारशाची यादी केली.

बारसं झालं, अंगणात. तुपाने माखलेला, धोतरात गुंडाळलेला एवढा थोरला माणूस, त्याचा एक पाय पाळण्यात. बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं. शेजारच्या म्हातारीने, "बाळ दाढी करून आलंय गो! न्हानीला बंब पुरंल का?" असं म्हटल्यावर तो लाजला. नाव ठेवलं गणपत. लगेच लग्न लागलं. सुनंदाने हिरव्या बांगड्या भरल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा ती वर बघत होती, थेट त्याच्याकडे. पहिल्या लग्नात तिने मान वर केली नव्हती.

तो टोकावड्याला राहायला गेल्यावर पुढच्या आठवड्याचं चित्र सरांनी मला बोलावून दाखवलं. दक्षिणेपासून माथ्यापर्यंत ठिपकेच ठिपके, कुठे कोरं नाही. वर्षभराने परीक्षेचं काम संपलं, संस्थेने सामान नेलं, बोगद्याला भिंत घातली. सर परदेशी गेले. निघताना म्हणाले, त्या दोन दुपारी त्यांनी कुठल्याच अहवालात घातल्या नाहीत. काय लिहायचं तेच कळलं नाही. आता कधी बोलणं झालं तर सुरुवातीलाच विचारतात, "गणपतराव बरे आहेत ना?" मी बरे आहेत म्हणते, आणि आम्ही दुसरं बोलू लागतो.

बरे आहेत. भात लावतात, टोकावड्याच्या नाक्यावर एका ढाब्याला भाजी देतात. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली. मुलगी शाळेत हुशार आहे आणि बापाच्या खांद्यावर बसूनच वाढली.

मला याचं स्पष्टीकरण मिळालेलं नाही. यंत्रात दोष होता म्हणावं तर तो एकाच माणसापुरता कसा. फोनवर दुसराच कुणी होता म्हणावं तर त्याला त्या शिव्या कुठून माहीत. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मी तपासून बघेन. फक्त टोकावड्याला जाऊन सुनंदाला विचारू नका. तिला ते नको आहे. आणि कधी मी तिच्या ओटीवर जेवायला बसते, गणपत वाढायला वाकतो, आणि वाढता वाढता आधी सुनंदाच्या ताटात भात कमी आहे का बघतो… तेव्हा मलाही नको असतं.